गुडघा सांगतो पोटाचं दुखणं



काल याच व्यासपीठावर संतसाहित्य झालं, उद्या गडकिल्ले आहेत. मधल्या दिवशी हर्निया ठेवायचं धाडस संयोजकांनी केलं, त्यांचे आभार. फोनवर मी विषय सांगितला तेव्हा पलीकडून थोडा वेळ आवाजच आला नाही. मग हळूच कुणीतरी म्हणालं, ‘डॉक्टर, महिला वर्गही असतो हो.’ म्हटलं, त्यांच्यासाठीच तर बोलायचंय.

हर्निया, म्हणजे आपला जुना अंतर्गळ, म्हटला की डोळ्यापुढे पुरुष येतो. मार्केट यार्डातला हमाल, उसाची मोळी उचलणारा गडी. जांघेत गोळा उतरतो, आडवं झालं की आत जातो. तो दिसतो, हाताला लागतो, घरचेही ओळखतात. आज मी ज्याविषयी बोलणार आहे तो दिसत नाही आणि बहुधा हातालाही लागत नाही. एकूण हर्नियांत तो शंभरात एखादा, काही ठिकाणी तेवढाही नाही. पण जेव्हा येतो तेव्हा बहुतेक वेळा सत्तरी ओलांडलेल्या, काडीसारख्या वाळलेल्या आजीबाईंनाच गाठतो. त्याचं नाव ऑब्च्युरेटर हर्निया. नाव विसरलात तरी चालेल.

काही वर्षांपूर्वी पारनेर तालुक्यातल्या एका वस्तीवरून अशा एक आजी आल्या. आधार कार्डावर वय 78. त्यांचा स्वतःचा हिशेब वेगळा होता : ‘बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेले तवा धाकला अंगावर पीत व्हता.’ सहा बाळंतपणं, वजन 34 किलो. चार दिवस उलट्या, पोट फुगलेलं. पहिले दोन दिवस ‘गॅस झालाय’ म्हणून ओवा आणि सोडा, तिसऱ्या दिवशी सलाईन, चौथ्या दिवशी उलटी हिरवी झाली तेव्हा जीप केली. पोटावर आधीच्या ऑपरेशनचा व्रण नव्हता, जांघेत गोळा नव्हता. आतडं अडलंय हे क्ष-किरणावर दिसत होतं. का अडलंय, ते दिसत नव्हतं.

ते आमच्या वॉर्डातल्या मावशींना दिसलं. बेडपॅन द्यायला गेलेल्या मावशी परत येऊन म्हणाल्या, ‘डॉक्टर, आजी उजवा पाय सरळच करत नाहीत. गुडघ्याखाली उशी घेऊन बसल्यात.’ मुलगा लगेच म्हणाला, तो तिचा जुना संधिवात, महिनाभर मलम चालू आहे. मी आजींचा पाय हळूच सरळ केला, बाहेर नेला आणि मांडी आतल्या अंगाला वळवली. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. ‘आरं लेकरा, नको वढू.’ पाय पुन्हा दुमडून दिला तशी पकड सैल झाली.

आता यात पोटाचा आणि गुडघ्याचा संबंध काय? कंबरेच्या हाडात, मांडी सुरू होते तिथं, दोन्ही बाजूंना एकेक मोठं भोक असतं. ते चिवट पडद्यानं झाकलेलं असतं. वरच्या कोपऱ्यात फक्त एक शीर आणि रक्तवाहिन्या जाण्यापुरती वाट असते, दोन-तीन सेंटिमीटर लांब आणि जेमतेम एक सेंटिमीटर रुंद. धडधाकट माणसात ती वाट चरबीनं बुजलेली असते. म्हातारपणी माणूस वाळतं, तशी ही चरबीही जाते. बायकांचा कटिभाग रुंद, त्यात बाळंतपणं, बद्धकोष्ठता, जुना खोकला. एक दिवस आतड्याचा वळसा त्या वाटेत शिरतो आणि शेजारची शीर दाबतो. ही शीर मांडीच्या आतल्या भागाला जाते आणि तिची एक फांदी गुडघ्यापर्यंत पोहोचते. म्हणून अडतं पोट आणि ओरडतो गुडघा. डाव्या बाजूला मोठ्या आतड्याचा एक भाग पांघरूण घातल्यासारखा असतो, त्यामुळे हे दुखणं उजवीकडे जास्त सापडतं.

पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे अर्नो द रोंसिल यांनी हा हर्निया 1724 साली मांडला. यशस्वी शस्त्रक्रिया व्हायला मात्र 1851 उजाडलं, ती लंडनच्या ऑब्रे यांनी केली. मांडीच्या त्या दुखण्याला लंडनचे हाउशिप आणि बर्लिनचे रोंबर्ग या दोघांची नावं आहेत. परीक्षेत आम्ही ती घोकतो. पण ही खूण निम्म्या रुग्णांतही धड मिळत नाही, आणि मिळाली तर तिला संधिवात म्हणून मलम लागतं.

आणखी एक फसवणूक आहे. या अरुंद वाटेत पुष्कळदा आतड्याचा पूर्ण वळसा अडकतच नाही, फक्त एका बाजूची भिंत चिमटीत सापडते. त्यामुळे सुरुवातीला थोडा वायू सरतो, थोडी शौचालाही होते. घरचे निर्धास्त होतात, आणि खोटं कशाला बोलू, डॉक्टरही होतात. मीही झालो होतो. माझ्या उमेदवारीच्या काळात अशाच एक आजी होत्या. नाकातून नळी घालून, ‘सुटेल’ म्हणत मी दोन दिवस वाट पाहिली. पोट उघडलं तोवर आतडं सडून फुटलं होतं. त्या वाचल्या नाहीत. त्यांचा पाय दुमडलेला होता का, हे आजही मला आठवत नाही, कारण मी पाहिलंच नव्हतं.

पारनेरच्या आजींचा सिटी स्कॅन केला. मांडीच्या खोल स्नायूंमध्ये जिथं काहीच असायला नको तिथं सुपारीएवढं आतडं दिसत होतं. सिटी स्कॅन येण्यापूर्वी हे निदान बहुतेक वेळा पोट उघडल्यावरच व्हायचं. आज नगर काय, तालुक्याच्या गावीही यंत्र आहे. सोनोग्राफी फुगलेल्या पोटात वायूमुळे पुष्कळदा फसते. पाय धरून बसलेल्या अशा म्हातारीचा स्कॅन डॉक्टरांनी सांगितला तर ‘कमिशन असेल’ म्हणून घासाघीस करू नका. एरवी खुशाल करा.

ऑपरेशन त्याच रात्री. पण थेट टेबलावर नाही. चार दिवसांच्या उलट्यांनी अंगातलं पाणी आणि पोटॅशियम गेलेलं असतं. आधी सलाईन, लघवी नीट होऊ द्यायची, नळीनं पोट रिकामं करायचं. भूल देताना उलटी फुप्फुसात गेली तर सगळं मुसळ केरात. बेंबीखाली उभा छेद घेतला. फुगलेलं आतडं हातानं चाचपत गेलो, ते उजवीकडे खाली जाऊन एका जागी नाहीसं झालं. तिथं ओढायचं नसतं. भोकाच्या कडेचा पडदा जरासा कापून, मागून दाबून, ते सोडवायचं. बाहेर आलं तेव्हा भिंतीवर रुपयाएवढा काळा डाग. वीतभर आतडं काढून दोन टोकं जोडली. भोक टाक्यांनी बुजवलं. दुसऱ्या बाजूलाही बोट घालून पाहिलं, कारण हा हर्निया कधी कधी दोन्हीकडे असतो.

हर्नियाचं भोक झाकायला टाकतात ती जाळी का नाही टाकली, असं पुढच्या रांगेतले माझे मित्र विचारतील. जाळीचा विषय निघाला म्हणून सांगतो. दोंडाईच्याच्या डॉ. रवींद्रनाथ टोंगावकरांनी साध्या मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून हर्नियाला वापरलं, काही रुपयांत. पुढे युगांडातल्या 302 पुरुषांवर मच्छरदाणीची आणि महागडी जाळी शेजारी शेजारी तपासली गेली, निकाल जवळपास सारखाच आला. 2016 साली तो जगातल्या अव्वल वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. धुळे जिल्ह्यातल्या एका गावची ही कल्पना, आपल्याकडे तिची नीट कदर झाली नाही असं माझं मत आहे. पण आतडं सडलेलं असेल तिथं फुकटची जाळीसुद्धा महाग पडते, कारण तिला जंतू धरतात. काही शल्यविशारद अशा वेळी बाईचं गर्भाशय किंवा अंडाशयच त्या भोकावर टाक्यानं बसवतात. सत्तरीनंतर त्याचं दुसरं काम उरलेलं नसतं.

मावशींकडे परत येतो. ‘मांडीत दुखतंय’ हे आजींनी मुलाला सांगितलं नव्हतं, मलाही नाही. नऊवारीतली बाई परपुरुषाला जांघ दाखवत नाही. याच जिल्ह्यात जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्यानं 1970 पासून गावच्याच बायकांना, पुष्कळदा निरक्षर बायकांना, आरोग्याचं शिक्षण दिलं. 1979 साली त्यांना मॅगसेसे मिळालं. बाई बाईला सांगते, हे त्यांनी ओळखलं होतं. आज गावोगाव आशाताई आहेत. सुना आहेत, नाती आहेत. म्हातारीला उलट्या लागल्या तर ‘पाय दुखतो का गं, सरळ होतो का?’ एवढं तुम्ही विचारा, आणि उत्तर काय आलं ते आम्हाला येऊन सांगा. जांघेतही बघा. वृद्ध बायकांत जांघेखालचा, मांडीच्या तोंडाशी येणारा छोटा हर्निया यापेक्षा पुष्कळच जास्त सापडतो, आणि तो लिंबाएवढा गोळाही लुगड्याखाली राहून जातो. पैशाची अडचण सांगू नका. 70 वर्षांवरच्या कुणालाही, उत्पन्न न पाहता, ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान योजनेचं वर्षाला 5 लाखांचं संरक्षण आहे. कार्ड उलटी सुरू व्हायच्या आधी काढून ठेवा.

आजी बाराव्या दिवशी घरी गेल्या. महिन्यानं तपासणीला आल्या त्या चालत, आणि तक्रार घेऊनच. उजवा गुडघा बरा झाला, आता डावा दुखतो म्हणाल्या. मी दचकलो, पाय सरळ केला, वळवला, मुकाट्यानं फोटो काढला. डाव्या गुडघ्याला खरोखरच संधिवात होता.