अंडं घातलं जातं तेव्हा पिल्लाचा एक दिवस होऊन गेलेला असतो



कोंबडीचं अंडं किती दिवसांत फुटतं, असं विचारलं की शाळेतलं पोरही सांगतं, २१ दिवस. बरोबर आहे. पण हे २१ दिवस आपण मोजतो ते अंडं उबेला ठेवल्यापासून. पिल्लाची सुरुवात त्याच्या आधी झालेली असते. अंडं गवतावर पडतं तेव्हा आत जवळजवळ एक दिवसाचं काम उरकलेलं असतं. आज त्या लपलेल्या दिवसाबद्दल आणि उबेच्या पहिल्या दोन दिवसांबद्दल बोलणार आहे.

मी पायदळातला माणूस. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलं होतं, मग त्या वह्या पुढची सगळी नोकरी ट्रंकेत पडून राहिल्या. निवृत्तीनंतर महूला घर केलं, मागच्या अंगणात झाबुआच्या कडकनाथ कोंबड्या आणल्या, आणि वह्या बाहेर निघाल्या.

आधी एक गैरसमज काढू. पिवळा बलक म्हणजे पिल्लू नव्हे. ती शिधासामग्री आहे. पिल्लू घडतं ते बलकावरच्या छोट्या पांढरट ठिपक्यातून. उद्या अंडं फोडाल तेव्हा नीट बघा, दिसेल. दुकानातल्या अंड्यातही तो असतो, पण व्यावसायिक फार्मवर अंड्यांच्या कोंबड्यांत कोंबडा ठेवत नाहीत, त्यामुळे ते अंडं फळलेलं नसतं. कधी त्यात रक्ताचा थेंब सापडतो, तोही पिल्लू नव्हे. कोंबडीच्या आतली बारीक शीर फुटलेली असते, एवढंच.

आता फळलेल्या अंड्याचं बघू. बलक अंडाशयातून सुटतो, नळीच्या नरसाळ्यासारख्या तोंडात शिरतो आणि पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतच कोंबड्याचं बीज त्याला मिळतं. त्यानंतर पांढरा बलक चढायला सुमारे तीन तास, आतली पातळ पापुद्र्याची पिशवी बनायला साधारण तास-सव्वा तास, आणि कवच चढायला जवळपास वीस तास. कोंबडीच्या अंगात ४१ अंशांच्या आसपास ऊब असते. त्या उबेत सुमारे पाच तासांनी ठिपक्यातली पहिली पेशी दुभंगते. दोनाच्या चार, चाराच्या आठ. गंमत अशी की बलक काही कापला जात नाही, तो फार मोठा असतो. सगळी विभागणी त्या ठिपक्यातच चालते. अंडं बाहेर येईपर्यंत तिथं ४० ते ६० हजार पेशींची चकती तयार असते. पसारा किती? तीन-चार मिलिमीटर.

आणि मग अंडं गार होतं. साधारण २०-२१ अंशांच्या खाली गेलं की सगळं थांबतं. मरत नाही, थांबतं. मोहिमेवर निघालेली पलटण ‘थम’ म्हटल्यावर उभी राहते, तसं. कोंबडी दहा-बारा अंडी साठेपर्यंत बसत नाही. आधीची अंडी थांबलेली राहतात म्हणूनच सगळी पिल्लं पुढे एकाच दिवशी बाहेर येतात. निसर्गाची ही सोय मला फार आवडते.

पण या थांबण्याला अट आहे. थांबा पक्का हवा. तापमान २७ ते ३५ अंशांमध्ये घोटाळत राहिलं तर पेशी पूर्ण थांबतही नाहीत आणि नीट वाढतही नाहीत. अर्धवट, वेड्यावाकड्या वाढतात आणि बऱ्याचशा तिथंच संपतात.

आमच्या भागात यावरून एक भांडण झालं. एका बचतगटातल्या बायकांनी जूनच्या सुरुवातीला शेजारच्या गावातल्या एका बाईकडून कडकनाथची अंडी घेतली आणि मशीनमध्ये लावली. आठव्या दिवशी टॉर्च धरून पाहिलं तर निम्म्याहून जास्त अंडी आरपार कोरी. गटानं ठरवलं, कोंबडा निकामी आहे, फसवलं. उरलेले पैसे अडवले. त्या बाईनं खचून कोंबडा कापायला काढला. दोन्हीकडच्या माझ्याकडे आल्या. ‘साहेब, तुम्ही फौजेतले, तुम्हीच काय तो निकाल द्या.’

मी म्हटलं, निकाल अंडीच देतील. कोरी ठरलेली अंडी एकेक करून पांढऱ्या ताटलीत फोडली. न फळलेल्या अंड्याचा ठिपका लहान, घट्ट, कडा ओबडधोबड असलेला असतो. यातल्या एक-दोन अंड्यांतच तसा निघाला. बाकीच्यांत पातळ, पसरलेला, मलईसारखा पापुद्रा होता, आणि काहींत रक्ताचं बारीक कडं. म्हणजे कोंबड्यानं आपलं काम चोख केलं होतं. जीव सुरू झाले होते आणि पहिल्या काही दिवसांतच संपले होते. मग विचारलं, अंडी होती कुठं? पत्र्याच्या खोलीत, बारा दिवस साठवलेली. तिथून दुपारच्या बसनं, मांडीवर टोपलीत. गटानं निम्मे पैसे दिले, कोंबडा वाचला. कुणाचंच पूर्ण समाधान झालं नाही, पण मला ते न्याय्य वाटलं. साठवण एकीची होती, दुपारची बस दुसरीची.

आता थांबा उठल्यावर काय होतं ते पाहू. मशीनमध्ये साडेसदतीस अंश मिळाले की काही तासांत चकतीच्या एका कडेला पेशी गोळा होतात आणि मधोमध एक रेघ पुढे सरकू लागते. अठरा तासांच्या सुमारास ती पूर्ण लांब होते. शास्त्रात तिला प्रिमिटिव्ह स्ट्रीक म्हणतात, आपण आदिरेषा म्हणू. वरच्या पेशी या रेघेत उतरतात, खाली पसरतात, आणि एका थराचे तीन होतात. वरच्या थरातून कातडी, पिसं, मेंदू, मज्जारज्जू. मधल्यातून हाडं, स्नायू, हृदय, रक्त. खालच्यातून आतड्याचं अस्तर, फुप्फुस, यकृत. या काळात पाठपोट, डावं-उजवं, पुढचं-मागचं सगळं पक्कं होतं. बारा दिवसांच्या पिल्लाला थोडी ऊब कमी मिळाली तर ते सोसतं. हा टप्पा बिघडला तर दुरुस्ती जवळपास नाहीच.

अशीच रेघ आपल्यातही उमटते, गर्भधारणेनंतर पंधराव्या दिवसाच्या सुमारास. म्हणूनच अनेक देशांत मानवी भ्रूण प्रयोगशाळेत १४ दिवसांपलीकडे वाढवत नाहीत; भारतातले नियमही तसेच आहेत.

पुढे डोकं आधी घडतं, शेपूट मागून. चोवीस तासांच्या आसपास पाठीच्या दोन्ही बाजूंना चौकोनी गाठींची पहिली जोडी येते आणि मग साधारण दर दीड तासाला एक नवी जोडी, कवायतीच्या ठेक्यात. यांतूनच मणके होतात. तेहेतीस ते अडतीस तासांच्या दरम्यान हृदय हलू लागतं. तेव्हा ते एक साधी वाकडी नळी असते. त्यात चार कप्पे नाहीत, झडपा नाहीत, पण ठोका आहे.

ॲरिस्टॉटलनं रोज एकेक अंडं फोडून पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी उडणारा लाल ठिपका नोंदवला. त्याला भिंग नव्हतं. भिंगातून इटलीच्या माल्पिगीनं १६७२मध्ये आदल्या दिवसांची चित्रं काढली. आज जगभर वापरतात तो ४६ टप्प्यांचा तक्ता हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन यांनी १९५१मध्ये छापला. आपल्याकडे पुणे विद्यापीठात लीला मुल्हेरकर यांनी एडिंबराला वॉडिंग्टन यांच्या हाताखाली कोंबडीच्या भ्रूणावर काम शिकून ती विद्या परत आणली आणि विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या. त्यांचं नाव आपल्याला ठाऊक नसतं, याचं मला वाईट वाटतं.

तुमच्यापैकी जे अंगणात चार कोंबड्या ठेवतात त्यांच्यासाठी दोन गोष्टी. अंडी साठवायची तर १५ ते १८ अंशांत, टोकदार बाजू खाली, आणि आठवड्याच्या आत उबेला लावायची. घरच्या फ्रिजमधला गारठा त्याहून बराच जास्त असतो, तो चालणार नाही. एवढी थंड जागा नसेल तर मे-जूनमध्ये बाहेरची अंडी आणूच नका. घरचीच दोन-तीन दिवसांत गोळा करून खुडूक कोंबडीखाली सरकवा. आणि विकत घेताना कोंबड्याची चौकशी नंतर करा. आधी विचारा, अंडं कुठल्या दिवशी घातलंय आणि तेव्हापासून कुठं ठेवलंय.