एक भाषा, तीन लिप्या

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. त्या भट्टीभोवती जमलेली माणसे साऱ्या हिंदुस्थानातून आली होती. कोणी विदर्भातला मराठी, कोणी आंध्रातला, कोणी बंगालचा, कोणी केरळचा. आणि ज्यांच्या शेतांवर कारखाना उभा राहिला ते छत्तीसगढी बांधव तर तेथलेच. या माणसांनी एकमेकांशी बोलावे तरी कोणत्या भाषेत? कोशातले जड संस्कृत शब्द तेथे उपयोगाचे नव्हते आणि दरबारी फारसीही नव्हती. पाळीवर जाता-येता, बाजारात, सार्वजनिक नळावर जी साधी बोली ओठांवर आली तीच सर्वांची भाषा झाली.

अशा साध्या बोलीत एक पाक्षिक मुंबईत त्याआधी एकोणीस वर्षांपासून निघत होते. त्याचे नाव ‘रहबर’, म्हणजे वाटाड्या. आणि ते चालवणारी एक मुसलमान स्त्री होती, कुलसूम सयानी.

आधुनिक आणि यशस्वी मुस्लिम स्त्री असे म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे वेषभूषा येते, इंग्रजी संभाषण येते, वर्तमानपत्रात छापलेले छायाचित्र येते. परंतु आधुनिकतेची कसोटी इतकी स्वस्त नाही. स्वतःसाठी उघडलेले दार दुसऱ्यांसाठी किती काळ धरून ठेवता येते, ही ती कसोटी होय. कुलसूमबाईंचे आयुष्य या कसोटीवर पाहण्याजोगे आहे.

त्यांचा जन्म १९०० सालचा, गुजरातमधला. वडील डॉक्टर होते. १९१७ मध्ये वडिलांसमवेत त्यांनी महात्मा गांधींची भेट घेतली आणि पुढच्या आयुष्याची दिशा त्या भेटीने ठरली. डॉ. जानमहंमद सयानी यांच्याशी विवाह झाला. पतीही स्वातंत्र्याच्या चळवळीतले असल्यामुळे घर आणि कार्य यांच्यात ओढाताण झाली नाही. प्रारंभ सूतकताईच्या वर्गापासून झाला. चरखा शिकवता शिकवता एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली असावी, ती अशी की, हाताला काम देणे सोपे आहे, परंतु डोळ्यांना अक्षर देणे त्याहून कठीण आहे.

१९३७ नंतर प्रांतोप्रांती काँग्रेसची मंत्रिमंडळे आली. मुंबई शहरात प्रौढ शिक्षणाची मोहीम सुरू झाली आणि मुसलमान वस्तीतील स्त्रियांपर्यंत ती नेण्याचे काम कुलसूमबाईंनी अंगावर घेतले. हे काम व्याख्यानाने होणारे नव्हते. पडद्यातली स्त्री वर्गात येणार नाही, म्हणून वर्गच तिच्या उंबरठ्यावर न्यावा लागे. जिने चढायचे, दार ठोठवायचे, आधी सासूची समजूत घालायची, मग घरधन्याची, आणि शेवटी खुद्द त्या स्त्रीची. कारण ‘आता या वयात शिकून काय करायचे?’ हा प्रश्न बहुधा तीच विचारणार. ज्या दाराने आज नकार दिला त्यावर पुन्हा थाप मारण्याची चिकाटी ज्याच्यापाशी असेल, त्यानेच या कामात पडावे.

तथापि अक्षर शिकवल्याने काम संपत नाही. प्रौढ वयात शिकलेले अक्षर वाचायला काही नसेल तर काही महिन्यांत पुसून जाते. मुलांची पुस्तके प्रौढांना बालिश वाटतात आणि वर्तमानपत्रांची भाषा त्यांना पेलत नाही. ही अडचण ओळखून ‘रहबर’ निघाले. १९४० ते १९६० अशी वीस वर्षे ते चालले. त्याचा विशेष असा की, भाषा एकच, गांधीजींना अभिप्रेत असलेली सोपी हिंदुस्थानी. पण लिप्या तीन: नागरी, उर्दू आणि गुजराती. एक वाक्य डावीकडून उजवीकडे छापले जाई आणि तेच वाक्य उजवीकडून डावीकडे. ज्या दशकात भाषेच्या आणि धर्माच्या नावाने देशाची फाळणी होत होती, त्याच दशकात हे पत्रक दर पंधरवड्याला मूकपणे सांगत होते की, लिपी वेगळी असली तरी बोलणे एकच असू शकते. हिंदी आणि उर्दू यांना जवळ आणण्याच्या या प्रयत्नाला गांधीजींचा आशीर्वाद होता.

फाळणीने तो आशीर्वाद जणू हवेत विरला. हिंदी एका दिशेला गेली, उर्दू दुसऱ्या. तरीही १९४७ नंतर तेरा वर्षे ‘रहबर’ बंद पडले नाही, ही गोष्ट अनेक मोठ्या विजयांपेक्षा मोलाची आहे. पुढे कुलसूमबाईंना पद्मश्री मिळाली, साक्षरताकार्याचा नेहरू पुरस्कारही मिळाला. १९८७ मध्ये त्या निवर्तल्या.

त्या एकट्या नव्हत्या. संविधान सभेतील एकमेव मुस्लिम स्त्री सदस्य बेगम ऐजाज रसूल यांनी अल्पसंख्याकांसाठी विभक्त मतदारसंघ ठेवण्यास विरोध केला. १९४७ च्या ऑगस्टमध्ये सईदा बानो यांनी दिल्लीच्या आकाशवाणीवरून उर्दू बातम्या वाचण्यास प्रारंभ केला. बातमी म्हणजे पुरुषाचाच आवाज असे मानणाऱ्या कानांना तो एक नवा अनुभव होता.

रेडिओचा धागा सयानींच्या घरीही पोहोचतो. ‘रहबर’च्या संपादनात आणि छपाईत कुलसूमबाईंचा धाकटा मुलगा अनेक वर्षे आईच्या हाताखाली राबला. त्याचे नाव अमीन सयानी. १९५२ साली रेडिओ सिलोनवर ‘गीतमाला’ सुरू झाली आणि त्याचा आवाज घरोघर पोहोचला. आसामच्या मळ्यातल्या मजुरालाही कळावी आणि मुंबईच्या वकिलालाही रुचावी, अशी ती भाषा होती. ती कोठून आली याचे उत्तर त्या तीन लिप्यांच्या पत्रकात आहे. ‘बहनों और भाइयों’ असे म्हणताना तो बहिणींना आधी हाक मारी, हेही विसरण्यासारखे नाही.

एवढ्याने मुस्लिम स्त्रीचा प्रश्न सुटला असे मात्र नव्हे. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला, तेव्हा तोंडी तलाकाविरुद्ध चालणाऱ्या स्त्रिया होत्या अवघ्या सात. एका दमात दिलेला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरवला तो २२ ऑगस्ट २०१७ रोजी. या दोन तारखांमध्ये एक्कावन्न वर्षांचे अंतर आहे. टीकाकार विचारतील की, मग अक्षरओळखीने काय साधले? हा प्रश्न रास्त आहे. अक्षराने कायदा बदलत नाही. परंतु निकाहनाम्यावर काय लिहिले आहे, मेहर किती ठरली आहे, हे जिला वाचता येत नाही, ती न्याय मागायला जाणार कोणत्या कागदाच्या आधारावर? १९५१ च्या शिरगणतीत देशातल्या शंभर स्त्रियांपैकी जेमतेम नऊ साक्षर होत्या. त्या सात स्त्रियांच्या मागे उभी राहू शकेल अशी गर्दी आधी वाचायला शिकायला हवी होती.

भिलाईसारख्या नगरात आज कोणी प्रौढ स्त्री मुलीच्या वहीवर वाकून पहिल्यांदा स्वतःचे नाव लिहीत असेल. ती कोणत्या लिपीत लिहिते, याला महत्त्व नाही. अंगठ्याच्या ठशाच्या जागी सही आली, की तिच्यापुरता एक वाटाड्या तिच्या दाराशी येऊन उभा राहिला असे समजावे.