आकडा कोण तपासणार? : रिपोर्टचं सॉफ्टवेअर निवडताना

आज मी इंदूरहून बोलतोय. माझं काम औषधांच्या घाऊक व्यापारातलं. मी औषधं विकत नाही. औषधं विकणाऱ्यांचा डेटाबेस आणि त्यातून निघणारे रिपोर्ट सांभाळतो. आजचा विषय असा आहे, की ज्यांना प्रोग्रॅमिंग येत नाही पण धंदा येतो, अशा माणसांना डेटाबेसमधून स्वतःची माहिती स्वतः काढता यावी, यासाठी सॉफ्टवेअर कसं निवडायचं.

सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे नवं रिपोर्टिंग सॉफ्टवेअर आलं. विकणाऱ्यांनी दाखवलं तेव्हा सगळे खूश. नकाशे, रंगीत गोल, बोट लावलं की हलणारे आलेख. मालक म्हणाले, घ्या. मी त्यावर पहिला मोठा रिपोर्ट बनवला तो थकबाकीचा. कोणत्या दुकानाकडे किती उधारी, मर्यादेच्या बाहेर कोण. मर्यादा ओलांडली की माल आपोआप बंद.

आमच्या अकाउंट्समध्ये एक ज्येष्ठ बाई होत्या, सगळे त्यांना ताई म्हणायचे. वीस वर्षं त्याच टेबलावर. रिपोर्ट बघून त्या म्हणाल्या, "हे देवासकडच्या दुकानाचं दीड लाख काही मला पटत नाही. तो माणूस एवढी उधारी ठेवत नाही." मी विचारलं, "मग किती आहे?" त्या म्हणाल्या, "ते आता मला कसं कळणार? पूर्वी मी रजिस्टर उघडून बघायचे. तुझ्या या चित्रात मी काय उघडू?" मी म्हणालो, "ताई, कॉम्प्युटर चुकत नाही."

मंडळी, हे वाक्य मी आयुष्यात पुन्हा उच्चारलेलं नाही.

शुक्रवारी त्या दुकानाचा माल थांबला. त्यात इन्शुलिन होतं, ज्याची गिऱ्हाइकं ठरलेली असतात. सोमवारी दुकानदार स्वतः आले, सत्तरीच्या घरातले, हातात लाल कापडी बांधणीची वही. माझ्या टेबलावर ती उघडून ठेवली आणि म्हणाले, "बेटा, जोड लो." त्यांच्या वहीत बाकी होती तीस हजार. माझ्या पडद्यावर दीड लाख. वही बरोबर होती.

हे कसं झालं ते सांगतो, कारण सॉफ्टवेअर निवडण्याचं सगळं मर्म इथेच आहे. कागद-पेन घ्या. एक बिल आहे साठ हजारांचं. दुकानदाराने त्यावर तीन वेळा दहा-दहा हजार भरले. डेटाबेसमध्ये बिलांचं टेबल वेगळं असतं आणि जमा पावत्यांचं वेगळं. बिलाच्या टेबलात एक ओळ, पावत्यांच्या टेबलात तीन. ही दोन टेबलं जोडली, ज्याला जॉइन म्हणतात, की प्रत्येक पावतीसमोर तेच बिल पुन्हा लिहिलं जातं. म्हणजे साठ हजार तीनदा. बेरीज एक लाख ऐंशी हजार. जमा तीस हजार. वजा केले की उरले दीड लाख. खरी बाकी साठ वजा तीस, म्हणजे तीस हजार.

सॉफ्टवेअरने सांगितलं तेच केलं. कुठे लाल खूण आली नाही, कुठे एरर नाही. डेटाबेसच्या दृष्टीने काहीच चुकलं नव्हतं. चूक ज्यांच्या नजरेला दिसली होती त्या ताईंच्या हाताला ती तपासण्याचं साधन नव्हतं. आणि मला साधन वापरता येत होतं, पण तो दुकानदार किती उधारी ठेवतो हे ठाऊक नव्हतं.

म्हणून 'वापरायला सोपं' याचा माझा अर्थ असा: ज्याला धंदा कळतो त्याला पडद्यावरचा आकडा कोणालाही न विचारता तपासता आला पाहिजे. सुंदर आलेख झटपट निघतो हे सोपेपण विकणाऱ्याच्या कामाचं. तपासता येणं हे तुमच्या कामाचं.

आता ही अडचण काही नवी नाही. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली माहिती टेबलांत ठेवण्याची कल्पना मांडली. १९७४ साली तिथल्याच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी त्या टेबलांना प्रश्न विचारण्याची भाषा मांडली, तीच आजची एसक्यूएल. गंमत अशी, की ती बनवताना त्यांच्या डोळ्यांसमोर हिशेबनीस, इंजिनिअर अशी संगणकाबाहेरची माणसं होती. पाठोपाठ १९७५ च्या सुमारास मोशे झ्लूफ यांनी रिकाम्या तक्त्यात नमुना भरून प्रश्न विचारायची पद्धत काढली. आज आपण ज्या चौकटीत 'शहर: उज्जैन' निवडतो, ती त्याच घराण्यातली. म्हणजे पन्नास वर्षं झाली, हिशेबनिसाला स्वतः विचारता यावं म्हणून धडपड चालू आहे आणि अजूनही हिशेबनीस आयटीवाल्याच्या दारात उभा आहे.

तुम्ही म्हणाल, आमचं एक्सेल काय वाईट? अजिबात वाईट नाही. पण त्याच्या मर्यादा माहीत हव्यात. जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये एका शीटवर ६५,५३६ ओळी मावतात. २००७ पासूनच्या नव्या फाइलमध्ये १०,४८,५७६. इंग्लंडमध्ये २०२० च्या शरद ऋतूत कोविडच्या तपासण्यांचे निकाल जुन्या प्रकारच्या फाइलमधून पुढे जात होते. ओळी संपल्या, आणि १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांतून गळाले. त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध त्यामुळे उशिरा सुरू झाला. आकडा कमी दिसला म्हणून कोणाच्या लगेच लक्षात आलं नाही. कमी आकडा सगळ्यांना आवडतो.

तर आता कसोट्या. माझ्या अनुभवातून पाच राहिल्या आहेत.

पहिली: आकड्यावर क्लिक केल्यावर त्यामागच्या ओळी दिसतात का? दीड लाखावर बोट ठेवल्यावर तेच बिल तीनदा दिसलं असतं, तर ताईंनी ते दहा सेकंदांत पकडलं असतं. ही एक सोय नसेल तर पुढच्या चार कसोट्या लावूच नका.

दुसरी: टेबलांमधलं नातं एकदाच, एका जागी मांडून ठेवता येतं का? एका बिलाला अनेक पावत्या, एका दुकानाची अनेक बिलं, हे जाणकाराने एकदा ठरवून द्यायचं आणि बाकीच्यांनी वापरायचं. दर वेळी वापरणाऱ्यानेच टेबलं जोडायची असतील, तर ते सॉफ्टवेअर दिसायला सोपं आणि वापरायला धोक्याचं. याच जागी रकान्यांची नावंही माणसांच्या भाषेत बदलता आली पाहिजेत. डेटाबेसमध्ये रकान्याचं नाव असतं 'सीयूएसटी-टीवायपी-सीडी'. ताईंना दिसलं पाहिजे 'दुकानाचा प्रकार'.

तिसरी: आपल्या रीतीचा हिशेब त्याला जमतो का? आपलं वर्ष एप्रिल ते मार्च. आपल्याला दशलक्ष कळत नाही, लाख आणि कोटी कळतात. स्वल्पविराम १,००,००० असा हवा. दुकानाचं नाव मराठीत किंवा हिंदीत भरलेलं असेल, तर पीडीएफ काढल्यावर जोडाक्षरं शाबूत राहतात की चौकोन उमटतात, हे प्रत्यक्ष छापून बघा. विकणाऱ्याच्या सादरीकरणात हे कधीच नसतं, कारण त्यांचा नमुना डेटा परदेशातल्या सायकलींच्या दुकानाचा असतो.

चौथी: कोणी काय बघायचं हे ठरवता येतं का? उज्जैनच्या सेल्समनला उज्जैनचीच दुकानं दिसावीत, पगाराचं टेबल कोणालाच दिसू नये. आणि एक गोष्ट आयटीवाल्यांना आजच सांगा: रिपोर्टिंगच्या सॉफ्टवेअरला डेटाबेसमध्ये फक्त वाचायची परवानगी द्या, आणि जमलं तर मूळ डेटाबेसऐवजी त्याच्या प्रतीवर जोडा. नाहीतर कोणीतरी पाच वर्षांचा रिपोर्ट लावतो आणि काउंटरवर बिल निघायचं थांबतं. आमच्याकडे झालंय तेही.

पाचवी: जपून ठेवलेला रिपोर्ट दुसऱ्याला देता येतो का, ठरल्या वेळी मेलवर जातो का, आणि एक्सेलमध्ये काढता येतो का? लोक शेवटी एक्सेलमध्ये जाणारच. तो रस्ता अडवला तर ते हाताने टाइप करतात, आणि मग आकडे आणखी बिघडतात.

आता नावं. आधी तुमच्याकडे काय आहे ते बघा. एक्सेल २०१६ पासून त्यात पॉवर क्वेरी आतच आहे. ती थेट डेटाबेसला जोडता येते आणि एकदा बसवलेली जुळणी एका बटणावर ताजी होते. पाच-सात माणसांच्या ऑफिसला पुष्कळदा तेवढं पुरतं.

मेटाबेस आपल्याच सर्व्हरवर फुकट बसवता येतं, आणि एसक्यूएल न लिहिता प्रश्न रचायची त्याची पद्धत नव्या माणसाला लवकर जमते. पण माणसागणिक ओळी लपवणं, म्हणजे आपली चौथी कसोटी, त्याच्या पैसेवाल्या आवृत्तीत आहे. ॲपाची सुपरसेट पूर्ण मुक्त आहे, ओळी लपवायची सोयही त्यात आहे. मात्र ते बसवायला आणि सांभाळायला जाणकार माणूस लागतो. पॉवर बीआयमध्ये नाती मांडायची सोय भक्कम आहे. त्याचं डेस्कटॉप ॲप फुकट, पण फक्त विंडोजवर चालतं आणि रिपोर्ट सहकाऱ्यांना वाटायचे म्हटलं की बहुतेक वेळा परवाने घ्यावे लागतात. गूगलचं लुकर स्टुडिओ आणि आपल्याकडचं झोहो ॲनालिटिक्स ब्राउझरमध्ये चालतात, बसवायची कटकट नाही. पण माहिती त्यांच्या सर्व्हरवरून जाणार, हे मालकांना आधी सांगा.

किंमत विचारताना एकच प्रश्न नीट विचारा: पैसे रिपोर्ट बनवणाऱ्यामागे आहेत की बघणाऱ्यामागेही? बनवणारे तीन आणि बघणारे साठ असतात. त्या साठांचे पैसे पडणार असतील, तर थोड्याच दिवसांत पाच जण एकच पासवर्ड वापरायला लागतात, आणि चौथी कसोटी पाण्यात जाते.

हल्ली साध्या भाषेत प्रश्न टाइप केला की उत्तर देणारी साधनंही आली आहेत. जरूर वापरा. पण पहिली कसोटी त्यांनाही लावा. उत्तरामागची क्वेरी आणि ओळी दाखवत असेल तर ठीक. नुसताच आकडा देत असेल, तर 'कॉम्प्युटर चुकत नाही' म्हणणारा मीच तिथे पुन्हा बसलोय असं समजा.

शेवटी निवड कशी करायची? आम्ही दुसऱ्या वेळी असं केलं. दोन सॉफ्टवेअर निवडली आणि विकणाऱ्यांना सांगितलं, तुमचा नमुना डेटा नको, आमचा गेल्या मार्चचा डेटा घ्या. मग ताईंना खुर्चीत बसवलं. त्यांच्याकडे मार्चची थकबाकी हाताने जुळवलेली होती, एका फुलस्केप कागदावर. त्यांना दिवसभर शिकवलं आणि दुसऱ्या दिवशी एक तास दिला. प्रश्न एकच: तुमच्या कागदावरचा आकडा यातून काढा, आणि जुळला नाही तर का जुळत नाही ते शोधा. मी खोलीच्या बाहेर.

पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये ताईंनी चाळीस मिनिटांत आलेख काढला, फार देखणा, पण आकडा जुळेना आणि का ते सापडेना. दुसऱ्यातही आकडा आधी जुळला नाही. पण ताईंनी ओळी उघडल्या, खाली गेल्या आणि मला हाक मारली. "अरे, एक्स्पायरीचा माल परत आला त्याच्या क्रेडिट नोटा यात धरल्याच नाहीत." खरंच नव्हत्या. चूक माझी, सापडली त्यांना, तासाच्या आत. आम्ही ते दुसरं घेतलं. दिसायला ते जरा साधंच आहे.

तुम्हीही सोमवारी एवढंच करा. ऑफिसातला असा एक आकडा शोधा जो कोणीतरी हाताने जुळवलेला आहे. त्या माणसाला खुर्चीत बसवा, एक तास द्या आणि मध्ये बोलू नका.

देवासकडचे ते दुकानदार मात्र परत आले नाहीत. माफी मागायला मी त्यांच्या दुकानात गेलो होतो. त्यांनी चहा पाजला, विचारपूस केली आणि ऑर्डर दुसरीकडे दिली ती दिलीच. त्यांची वही गल्ल्याशेजारी उघडी होती.