वेगाचा आंकडा आणि त्याचा अर्थ

मांडवगण फराटा हें शिरूर तालुक्यांतलें, भीमेच्या खोऱ्यांतलें गांव. अशा गांवीं विहिरीवर तेलाचें इंजिन चालविणाऱ्यास एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाहीं : तरफ कोठवर ओढली आहे हें निराळें, आणि चाक मिनिटास किती फेरे घेतें हें निराळें. तरफ जागच्या जागीं असतांनाहि भार वाढला कीं फेरे कमी होतात. संगणकाच्या बाबतींत मात्र चांगलीं सुशिक्षित माणसें या दोन गोष्टी एक समजतात.

पुण्यास सी-डॅक संस्थेनें ‘परम ८०००’ सिद्ध केला त्याच १९९१ सालीं लिनस टोरवाल्ड्स यांनीं लिनक्स ही कार्यप्रणाली जगापुढें ठेवली. तींत प्रोसेसरचा वेग, म्हणजे सेकंदास पडणारे ठोके, किलोहर्ट्‌झमध्यें सांगितला जातो. २४,००,००० म्हणजे २.४ गिगाहर्ट्‌झ. पण असे आंकडे दोन. ‘स्केलिंग’ नांवाचा आंकडा बहुतेक यंत्रांवर केवळ शेवटची मागणी सांगतो. ती तरफेची खूण होय. ‘सीपीयू-इन्फो’ नांवाचा आंकडा खुद्द यंत्राकडून येतो. पण कित्येक यंत्रांवर तो मिळतच नाहीं. उष्णता वा वीजमर्यादा आड आली कीं मागणी एक आणि चाल दुसरी, असें घडतें.

इंटेलच्या वंशांतील प्रोसेसरांत दोन मोजकयंत्रें असतात. एक ठराविक गतीनें मोजतें, दुसरें प्रत्यक्ष ठोके मोजतें. दोहोंच्या प्रमाणावरून वेग निघतो. पण तो गेल्या कांहीं काळाची सरासरी असतो, या क्षणाचा नव्हे. शिवाय प्रोसेसर निजला कीं दोन्हीं थांबतात. २०१७ पासून अशा यंत्रांवर ‘स्केलिंग’ हें नांव ही सरासरी सांगूं लागलें. नांव एक, अर्थ दोन! हा घोटाळा मिटावा म्हणून माहितीपत्रकांत स्पष्ट लिहिलें गेलें कीं, हा आंकडा खऱ्या वेगाशीं जुळेलच असें नाहीं. २०२५ सालीं सरासरीस स्वतंत्र नांवहि मिळालें.

हा नुसता शब्दच्छल नव्हे. कमी आंकडा पाहून एखादा विद्यार्थी धडधाकट यंत्र सदोष ठरवितो. मोठा आंकडा पाहून एखादा व्यवस्थापक तापानें मंदावलेलें यंत्र निर्दोष मानतो. दोघांचेहि पैसे वायां जातात. म्हणून आंकडा देणाऱ्यानें तो काय मोजतो, कोठून येतो आणि किती काळाचा आहे, हें त्याच्यासोबतच सांगावें. आणि वाचणाऱ्यानें तें वाचल्यावांचून निर्णय करूं नये.