वीज-कामगारांचे शिक्षण आणि कामाचा नकाशा



घरातले दिवे गेले की आपल्याला वीज-कामगाराची आठवण होते. दिवे आले की त्याचा विसर पडतो. खांबावर चढणारा हा माणूस आपले काम शिकला कुठे, त्याला नेमके काय शिकविले, आणि जे शिकविले ते खांबावर उपयोगी पडते का, हे प्रश्न सहसा कुणी विचारीत नाही. आज त्यांच्याविषयीच थोडे बोलावे असे योजले आहे.

उदाहरणादाखल नव्या मुंबईतले तळवली गाव घेऊ. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या एका अंगाला, घणसोली आणि रबाळे यांच्या शेजारी हे जुने गावठाण आहे. रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला औद्योगिक वसाहतीतले कारखाने. उत्तरेकडे ऐरोलीच्या बाजूला गेलात, तर कळव्याचे मोठे उपकेंद्र आणि राज्याचे भार प्रेषण केंद्र लागते. म्हणजे दोन-चार मैलांच्या टापूत किती तऱ्हेचे वीज-कामगार झाले पाहा. गावातला लाईनमन, कारखान्यातला वीजतंत्री, उपकेंद्रातला यंत्रचालक, भार प्रेषण केंद्रात पडद्यासमोर बसलेला माणूस, आणि अलीकडे गच्चीवर सौर तावदाने बसविणारा कारागीर. १२ ऑक्टोबर २०२० रोजी पडघे-कळवा मार्गावरच्या ४०० केव्ही वाहिन्यांत बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई भर सकाळी बंद पडली. त्या दिवशी ह्या सर्वांना काम पडले असणार, पण प्रत्येकाचे काम वेगळे. मग सर्वांचे शिक्षण एकाच साच्यातले असून कसे चालेल?

आपल्याकडे ह्या शिक्षणाची सोय मुळीच नाही, असे कुणी समजू नये. कारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू झाली, आणि तिच्यातून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे जाळे देशभर पसरले. १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. महाराष्ट्रात २० जून १९६० रोजी राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. २००५ साली त्याचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण अशा निरनिराळ्या कंपन्या झाल्या. वीजतंत्री आणि तारतंत्री हे दोन वर्षांचे अभ्यासक्रम पुरे करून हजारो मुले ह्या कामात शिरली आहेत. पाया चांगला आहे. अडचण आहे ती अभ्यासक्रम आखण्याच्या रीतीत.

आपला अभ्यासक्रम बहुधा नामांनी लिहिलेला असतो. ओहमचा नियम, रोहित्र, मोटार, भूसंपर्कन, सुरक्षितता, अशी ही यादी. काम मात्र क्रियापदांनी चालते. तपासणे, तोडणे, खात्री करणे, जोडणे, कळविणे. रोहित्र हा धडा पाठ असलेल्या मुलाला रोहित्राजवळ गेल्यावर आधी काय करावयाचे ते सांगता येईलच, असा भरवसा नाही.

कामाकडे क्रियापदांच्या बाजूने पाहण्याची एक पद्धत आहे. अमेरिकेतले संगणकतज्ज्ञ डग्लस रॉस यांच्या आरेखन-रीतीवरून १९७०च्या दशकात तिथल्या हवाई दलाने कारखान्यांसाठी ती तयार करविली. 'आयडेफ-झिरो' असे तिचे नाव. १९९३ साली तिथल्या सरकारने तिचे अधिकृत मानक केले. नाव अवघड असले तरी गोष्ट सोपी आहे. कागदावर एक चौकट काढायची आणि तिच्यात एक काम लिहायचे, तेही क्रियापदानेच. चौकटीच्या चार बाजूंना चार प्रकारचे बाण. डावीकडून येते ते ज्यावर काम करायचे ते. उजवीकडून बाहेर पडते ते कामाचे फळ. खालून येतात माणसे आणि हत्यारे. आणि वरून येतात ते काम कसे करावे, केव्हा करू नये, हे ठरविणारे नियम आणि परवानग्या. एका चौकटीच्या पोटात मग तीन ते सहा लहान चौकटी काढायच्या, त्यांतल्या प्रत्येकीच्या पोटात आणखी, असे काम उलगडत जायचे. नकाशा कोणत्या हेतूने आणि कुणाच्या दृष्टीने काढला, हेही कागदावर लिहून ठेवायचे.

आता तळवलीचाच एक प्रसंग कल्पू. जुलै महिना आहे, एका गल्लीत तार तुटली आहे. मोठ्या चौकटीत लिहू : 'खंडित पुरवठा सुरू करणे'. ती उलगडली की सहा चौकटी निघतात. तक्रारीवरून बिघाडाची जागा ठरविणे. वाहिनी बंद करवून परवानगी घेणे, जिला लाईनमन मंडळी 'लाईन क्लिअर' म्हणतात. तार निर्जीव आहे याची चाचणी करून तिला दोन्ही अंगांनी भूसंपर्कन देणे. दुरुस्ती करणे. माणसे आणि हत्यारे खाली उतरली याची मोजदाद करून परवानगी परत देणे. शेवटी पुरवठा सुरू करून नोंद करणे.

ह्या सहांपैकी आपल्या शाळेत सर्वांत जास्त वेळ कशाला मिळतो? चौथ्या चौकटीला, म्हणजे दुरुस्तीला, आणि तिच्या खालच्या बाणाला, म्हणजे पक्कड, पाना, शिडी यांना. पण माणूस दगावतो तो बहुधा दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकटीत, आणि वरचा बाण तुटल्यामुळे. एकाच खांबावरून दोन वाहिन्या गेलेल्या असतात. परवानगी एकीची मिळते, हात लागतो दुसरीला. किंवा फोनवरून निरोप जातो, वाहिनीचे नाव ऐकताना चूक होते, आणि खाली उभा असलेला सोबती म्हणतो, 'चढ रे, बंद आहे.' निरोप आल्याबरोबर तो शब्दशः उलट म्हणून दाखविणे आणि समोरच्याने 'बरोबर' म्हटल्याशिवाय न हलणे, हा वीज-कामगाराचा एक मोठाच धडा आहे. नामांच्या यादीत त्याला जागा मिळत नाही. नकाशात मात्र परवानगीचा बाण कुठून निघतो आणि कुणाच्या तोंडून येतो हे काढावेच लागते, आणि तिथे हा धडा आपोआप दिसतो.

दुसरा फायदा असा, की जग बदलले म्हणजे शिक्षणात काय बदलायचे ते नकाशा सांगतो. पूर्वी वीज उपकेंद्राकडून गावाकडे येत असे. तिकडचा स्विच पाडला की काम झाले, असा समज होता. आता घरोघरी इन्व्हर्टर आहेत, दुकानांत जनरेटर आहेत, आणि फेब्रुवारी २०२४ पासून पंतप्रधान सूर्यघर योजनेमुळे गच्च्यांवर सौर संच वाढत आहेत. वाहिनीला जोडलेला सौर संच वाहिनी बंद पडताच आपणहून थांबावा, अशी त्याची रचना असते. पण चुकीच्या जोडणीचा जनरेटर असा थांबत नाही. त्याची वीज उलट वाटेने रोहित्रात शिरली, तर रोहित्र तिचा दाब वाढविते, आणि आपण 'बंद' समजतो त्या वरच्या तारेत अकरा हजार व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो! हत्यारे तीच, माणूस तोच, दुरुस्तीही तीच. फक्त पहिल्या आणि तिसऱ्या चौकटीत डावीकडून एक नवा बाण आला. म्हणजे सारा अभ्यासक्रम मोडून नवा करण्याचे कारण नाही. चाचणी आणि भूसंपर्कन यांचे तास वाढवा, आणि गल्लीत कुणाकडे सौर संच किंवा जनरेटर आहे ते आधी हुडकायला शिकवा.

प्रशिक्षणाची आखणीही ह्यावरून करता येते. प्रत्येक चौकटीला चार प्रश्न विचारायचे. कामगाराने काय ओळखले पाहिजे? कोणता नियम जाणला पाहिजे? कोणते हत्यार चालविता आले पाहिजे? आणि काम नीट झाले हे कशावरून ठरवायचे? उत्तरे चालू अभ्यासक्रमाशेजारी मांडली, की कुठे उणे आहे आणि कुठे उगाच भरताड आहे ते दिसते. मग वर्गात काय, कार्यशाळेत काय, सरावाच्या निर्जीव वाहिनीवर काय आणि जुन्या लाईनमनच्या हाताखाली काय शिकवायचे, याची वाटणी करावी. ज्या चौकटीत चूक झाली तर जीव जातो, तिची परीक्षा हातानेच द्यायला लावावी. तिथे लेखी गुणांवर भागवू नये.

एक सावधगिरी मात्र हवी. हा नकाशा कचेरीत बसून एकट्या साहेबाने काढू नये. मूळ पद्धतीतच असा दंडक आहे, की जो काम करतो त्याच्याकडून माहिती घ्यावी, काढलेला नकाशा त्याच्यापुढे ठेवावा, त्याने खुणा कराव्यात, आणि तो पुन्हा सुधारून काढावा. तळवलीच्या गल्ल्यांत वीस वर्षे खांब चढलेल्या माणसाला कागदावर नसलेल्या किती गोष्टी ठाऊक असतात! कोणत्या खांबावर पावसात झटका बसतो, कोणत्या पेटीवरचे नाव चुकीचे आहे, हे तोच सांगेल. त्याने सांगितलेले नकाशात आले नाही, तर नकाशा शोभेचा राहील.

कागदाने हात तयार होत नाही, हे खरेच. उंचीची भीती जाणे, दोरीवर भरवसा बसणे, हे सरावानेच येते. पण कोणता सराव द्यायचा, हे आधी ठरवावे लागते. शिकाऊ मुलगा पहिल्यांदा खांबावर चढतो तेव्हा त्याच्या घरी कुणीतरी वाट पाहत असते. 'परवानगी मिळाली का? कुणी दिली? तार तपासलीस का?' हे तीन प्रश्न त्याने वर हात घालण्यापूर्वी आपणहून स्वतःला विचारावेत, एवढे जरी आपल्या प्रशिक्षणातून साधले, तरी नकाशा काढण्याचे श्रम वाया गेले असे म्हणता येणार नाही.