समुद्रतळावरील शिष्टाचार

सावेडीच्या माणसाला समुद्र हा घरचा विषय नव्हे. नगर शहराला लागून असलेल्या या वस्तीला पाणी ठाऊक तें विहिरीचें आणि नळाचें. तथापि हल्लीं सुट्टी लागली, कीं देशावरील मंडळीही मालवणची वाट धरतात, पाठीवर हवेचें नळकांडें बांधतात आणि समुद्रांत उतरतात. कॅमेरा बरोबर असतोच. खालीं कोणी नाहीं हें पाहिल्यावांचून विहिरींत उडी मारूं नये, हा नियम खेड्यांतील पोरालाही कळतो. समुद्रतळाचे नियम त्याच जातीचे. फक्त ते अद्याप अंगवळणीं पडलेले नाहींत.

समुद्राखालील छायाचित्रणाची कला तशी जुनी. लुई बुतां या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८९३ सालीं तीं चित्रें टिपलीं. पुढें १९४३ मध्यें कुस्तो व गान्यां यांनीं श्वसनाचें नवें उपकरण सिद्ध केलें आणि पाण्यांत मोकळेपणानें विहरणें सुलभ झालें. मालवणास, १६६४ सालीं शिवछत्रपतींनीं ज्याचा पाया घातला त्या सिंधुदुर्गाच्या आसपासचा समुद्र १९८७ पासून अभयारण्य ठरला आहे.

येथें तंटा उपजतो तो दोन न्याय्य गरजांमधून. पाणी प्रकाशांतील रंग गिळतें, आणि सर्वांत आधीं तांबडा. शिवाय पाण्यांत तरंगणारे कण दिव्याच्या झोतांत चमकून चित्र बिघडवितात. म्हणून छायाचित्रकाराला माशाच्या अगदीं जवळ जावें लागतें व स्थिर थांबावें लागतें. उलट सोबत्यांच्या नळकांड्यांतील हवा मोजकी असते. एकासाठीं सगळ्यांनीं खोळंबणें शक्य नसतें.

यावर उपाय किनाऱ्यावरच करावा. पाण्यांत बोलतां येत नाहीं. सारा व्यवहार हाताच्या खुणांनीं चालतो, आणि तेथें वर केलेला अंगठा म्हणजे ‘छान’ नव्हे, तर ‘वर चला’. तेव्हां कोण कोणाचा जोडीदार, कोठें किती थांबावयाचें, हें उतरण्यापूर्वींच ठरावें. छायाचित्रकारानें दोनचार चित्रें घेऊन जागा सोडावी आणि मधूनमधून डोळा कॅमेऱ्यावरून काढून जोडीदाराकडे व हवेच्या मापकाकडे लावावा. इतरांनींही त्याच्या पुढून आडवें जाऊं नये, खालून बुडबुडे सोडूं नयेत, आणि पायांतील पंखांनीं तळची वाळू उडवूं नये. एकदां गढुळलेलें पाणी लवकर निवळत नाहीं, आणि नुकसान सर्वांचेंच होतें.

या दोघांच्या भांडणांत तिसरा पक्ष मुका असतो. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे. ती सूक्ष्म जीवांची वसाहत आहे. तोल सांवरण्यासाठीं तिला धरणें म्हणजे वर्षानुवर्षांचें बांधकाम क्षणांत मोडणें. चित्र साधावें म्हणून माशांना पाव चारणें किंवा समुद्रघोड्याला हलवून सोयीच्या जागीं बसविणें, हेंही त्याच मासल्याचें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत समुद्रघोडा व तळाचे प्रवाळ २००१ सालीं समाविष्ट झाले. तेव्हां हा केवळ सौजन्याचा प्रश्न उरलेला नाहीं.

परंतु सर्वांत नाजूक प्रसंग नवशिक्याचा. पुष्कळांना पोहतांही येत नाहीं. ते मार्गदर्शकाच्या आधारानें खालीं जातात. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तेथून श्वास कोंडून कोणी घाबरून वर झेपावला, तर छातींतील हवा फुगून फुप्फुस फाटण्याचा धोका असतो. अशा वेळीं मार्गदर्शकाचे दोन्ही हात मोकळे हवेत. एका हातांत कॅमेरा धरून दुसऱ्यानें माणूस सांभाळणें हें धाडस नव्हे, ती हयगय आहे. चित्र हवेंच असेल, तर तें काढावयास निराळा मनुष्य असावा, आणि तसें नसेल तर तें राहूं द्यावें.

समुद्रांतून वर आल्यावर चित्रें दाखवितां येतात, न घेतलेलीं विसरतांही येतात. बरोबर उतरलेले सर्वजण बरोबर वर आले, कीं त्या दिवसाचें काम पुरें झालें.