पुण्याची थंडी आणि गच्चीवरील सौर बॅटरी



डिसेंबर महिन्यात पहाटे पाचच्या सुमारास सौर दिवा मंदावतो आणि विझतो. सायंकाळी तो व्यवस्थित लागलेला असतो. मग बॅटरी निकामी झाली असा निष्कर्ष काढला जातो व नव्या बॅटरीचा खर्च अंदाजपत्रकात धरला जातो. पुष्कळदा ती बॅटरी निकामी झालेली नसते. थंडीत ती अर्धपोटी राहिलेली असते. हा फरक ओळखला तर घराचा, शाळेचा आणि पंचायतीचा पैसा वाचतो.

पुण्यातील थंडीचे स्वरूप

पुण्याची थंडी लेहसारखी नाही. शिवाजीनगर वेधशाळेत आजवरचे सर्वांत कमी तापमान १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंश सेल्सियस नोंदले गेले. तथापि डिसेंबर-जानेवारीत काही पहाटे पारा १० अंशांखाली उतरतो. पाषाणसारख्या सखल व मोकळ्या भागात गारवा अधिक जाणवतो. शिवाय निरभ्र रात्री उघड्यावरील वस्तू हवेपेक्षाही अधिक थंड होतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात दव गोठते, ते याच कारणामुळे. गच्चीच्या उघड्या स्लॅबवर ठेवलेल्या बॅटरीचीही रात्री हीच स्थिती असते.

बॅटरीवर होणारा परिणाम

शिसे व आम्ल यांच्या बॅटरीतील रासायनिक क्रिया थंडीत मंदावते. १० अंशांवर तिची क्षमता सुमारे एक-दशांशाने आणि शून्य अंशावर सुमारे एक-पंचमांशाने घटते. डिसेंबरमध्ये पुण्यात दिवस सुमारे ११ तासांचा आणि रात्र सुमारे १३ तासांची असते. म्हणजे भरण्यास वेळ कमी आणि खर्च मात्र अधिक.

दुसरी बाब भरण्याची. थंड बॅटरी पूर्ण भरण्यास किंचित अधिक व्होल्टेज लागते. तापमान १५ अंशांनी उतरल्यास १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी ही वाढ पाव ते अर्ध्या व्होल्टच्या दरम्यान असते. दुपारी पुण्याची हवा ३० अंशांजवळ पोहोचते, तरी जड बॅटरी सावकाश तापते आणि सकाळचे तास वाया जातात. तापमानानुसार व्होल्टेज न बदलणारा साधा नियंत्रक बॅटरी भरण्यापूर्वीच विद्युतप्रवाह कमी करतो. असे आठवडेच्या आठवडे घडले की शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर बसतो. तो थर थंडी सरल्यावरही निघत नाही. हंगामी अडचण अशा रीतीने कायमच्या नुकसानीत बदलते.

लिथियम बॅटरीची गोष्ट निराळी आहे. शून्य अंशाखाली ती भरल्यास आत लिथियम धातूचा थर जमून तिचे नुकसान होते. म्हणून चांगल्या बॅटरीतील संरक्षक यंत्रणा अशा वेळी भरणे थांबवते. लडाखमध्ये हा प्रश्न नित्याचा आहे. पुण्यात तो क्वचितच उद्भवेल.

उपाय कोणते करावेत?

बॅटरी उघड्या स्लॅबवर ठेवू नये. जिन्याच्या खोलीत किंवा छताखाली, लाकडी फळीवर ठेवावी. बाहेर ठेवणे भाग असल्यास दुहेरी भिंतीची पेटी करून मधल्या पोकळीत थर्माकोल भरावा. मात्र पेटी कधीही हवाबंद करू नये. शिसे-आम्ल बॅटरीतून भरताना हायड्रोजन वायू निघतो व तो स्फोटक असतो. पेटीला खाली व वर जाळीची छिद्रे हवीत. उबेसाठी आत दिवा लावणे किंवा बॅटरीला गोधडी व प्लॅस्टिक गुंडाळणे धोक्याचे आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, पुण्यात बॅटरीचा मोठा शत्रू थंडी नसून उन्हाळा आहे. २५ अंशांच्या वर दर १० अंशांमागे शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांपर्यंत जातो. जानेवारीसाठी केलेली बंद, काळी पेटी मे महिन्यात भट्टी ठरते. म्हणून पेटी पांढरी, सावलीतील आणि खेळत्या हवेची असावी. अशी पेटी दोन्ही ऋतूंत उपयोगी पडते.

नियंत्रक तापमानानुसार व्होल्टेज बदलणारा घ्यावा व त्याचा संवेदक बॅटरीला चिकटवलेला असावा; भिंतीवर टांगलेला संवेदक चुकीचे तापमान सांगतो. थंडीत बॅटरी निम्म्याहून अधिक रिती करू नये. मध्यरात्रीनंतर दिव्याचा प्रकाश कमी करणे हा त्यावरील सोपा मार्ग आहे. पाण्याची बॅटरी असल्यास महिन्यातून एकदा पातळी पाहून शुद्ध केलेले डिस्टिल्ड पाणीच घालावे. दवाच्या ओलाव्याने टोके गंजतात. ती पुसून त्यांवर पेट्रोलियम जेली लावावी.

खरेदीच्या अटी आणि नोंदवही

'प्रधानमंत्री सूर्यघर : मोफत वीज योजना' २०२४ मध्ये सुरू झाली. वीजजाळ्याशी जोडलेल्या संचाला बॅटरीची गरज नसते. परंतु शाळा, रस्त्यावरील दिवे आणि वीज खंडित होणाऱ्या वस्त्या यांना ती लागतेच. तेथे खरेदीच्या अटींत पेटीचा प्रकार व संवेदक यांचा स्पष्ट उल्लेख असावा. शाळेतील विज्ञान शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून सकाळचे तापमान व दिवा लावण्यापूर्वीचे बॅटरीचे व्होल्टेज दर आठवड्याला नोंदवून घ्यावे. दिवा विझू लागला की प्रथम ती वही पाहावी, बॅटरी पूर्ण भरून पुन्हा तपासावी आणि मगच ती बदलण्याचा ठराव करावा.